राखणीची बाटली

भांडुप, ९ जानेवारी

निधी,

वर 'चि.' लिहिलेलं नाही, खाली आशीर्वादही सापडणार नाहीत. तो अधिकार सध्या चौकशीखाली आहे. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून पोस्टात जावं लागलं. काउंटरवरच्या बाईंनी आधी पाकीट बघितलं, मग मला. भांडुपहून बोरिवलीला कागदावर पत्र पाठवणारा एक तर नोटीस पाठवत असणार, नाही तर डोक्याने कमी असणार. मी म्हटलं, मुलीला आहे. मग त्यांनी तिकीट जरा सावकाश चिकटवलं.

तुझा शेवटचा मेसेज पाठ झालाय. 'बाबा, लग्न एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आहे. आजपासून तोपर्यंत एकदा जरी प्यायलास तर येऊ नकोस. आणि पिऊन नाही म्हणालास तर लग्नानंतरही येऊ नकोस.' वकिलाने तपासून दिल्यासारखा मजकूर आहे. सौरभ वकील नाही ना? मला जावई कोण, काय करतो, हे तुझ्या नितेशकाकाकडून गावावरून कळतं. भांडुप ते बोरिवली व्हाया कणकवली.

तू म्हणशील, अट कळली, पुढे काय. पुढे असं, की मी मीटिंगला गेलो. दारू सोडणाऱ्यांच्या. निदान तसं मला वाटत होतं.

फोनवर एका माणसाने पत्ता दिला: पालिकेची शाळा, पहिला मजला, गुरुवारी सात. माझं नाव विचारलं नाही. पोहोचलो तर जिन्याला लागूनच्या वर्गात दिवा चालू. दुसरीच्या पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली, चेहरे असे पडलेले की मी मनात म्हटलं, हीच आपली माणसं. मागच्या बाकावर शिरलो. एक जण उठला. 'मी परब. चौदा वर्षं झाली. दर वर्षी वाटतं, ह्या वर्षी सुटणार.' सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एक बाई म्हणाली, 'ह्याच्यापायी माझ्या मुलाचं लग्न जमत नाही. कोणाला घरी बोलवायची सोय नाही.' तिसरा म्हणाला, 'सुरुवातीला काय गोड बोलले. सह्या केल्या आणि फसलो.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, निधी. वाटलं, इतकी वर्षं मी एकटाच समजत होतो स्वतःला.

मग कोणीतरी म्हणालं, 'मागे नवीन कोण आहे?' मी उठलो. 'मी शिवदास. मला माझ्या माणसांत परत जायचंय. त्यासाठी जे काय करावं लागेल ते करायची तयारी आहे.' टाळ्या पडल्या. पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, 'शाब्बास. विंग कुठली तुमची?'

चाळीच्या रिडेव्हलपमेंटची कमिटी होती. बिल्डर पळालेला.

खरी मीटिंग कॉरिडॉरच्या टोकाच्या वर्गात होती आणि मी पोहोचलो तेव्हा संपलेली. एक माणूस एकटाच चहाचे ग्लास विसळत होता. माझी गोष्ट ऐकून हसला नाही. म्हणाला, 'पहिल्यांदा बरेच जण तिकडेच बसतात. दुःखाचा वास सारखा येतो ना.' मग म्हणाला, 'घरी कुठून जाणार?' मी रस्ता सांगितला. 'त्यावर दोन बार आहेत. पाइपलाइनच्या बाजूने जा.'

मी पाइपलाइनच्या बाजूने गेलो. त्या बाजूलाही एक बार आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आत गेलो नाही. बाहेर किती वेळ उभा होतो, ते लिहीत नाही.

बाबा


भांडुप, ६ फेब्रुवारी

निधी,

उत्तर आलं नाही. पण पाकीटही परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतलं. पोस्टमनचं आणि तुझ्या आईचं पटत असेल तर वाचलंही असेल. तिला, सुगंधाला, म्हणावं, माझं बरं चाललंय. नको, म्हणू नकोस. तिने ते वाक्य फार वेळा ऐकलंय.

आता मी बरोबर खोलीत बसतो, गुरुवारी आणि रविवारीही. वर्णन ऐक, तुला गंमत वाटेल. गोल करून बसायचं. एक जण उठतो, म्हणतो, 'मी अमुक, मी दारुडा आहे,' आणि सगळे एका सुरात म्हणतात, 'नमस्कार, अमुक.' तो म्हणतो, मी बायकोच्या बांगड्या विकल्या, तरी सगळे मान हलवतात. पहिल्याच दिवशी मला कुठेतरी हे ऐकल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर आठवलं: गावचं गाऱ्हाणं. तिथे थोरला देवासमोर उभा राहून काय वाटेल ते मागतो, आणि मागची सगळी पुरुष मंडळी विचार न करता म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' तू लहान असताना त्या 'व्हय म्हाराजा'ला इतकी हसायचीस की आई तुला तोंड दाबून मागच्या दारी न्यायची.

फरक एवढाच, की गाऱ्हाण्यात आपण देवाकडे तक्रार घालतो आणि इथे स्वतःची. आणि इथे नंतर कोंबडा मिळत नाही. पार्ले बिस्किट मिळतं.

इथे एकमेकांची नावं बाहेर सांगायची नाहीत असा नियम आहे, त्यामुळे पुढची नावं मी बनवलीत. ग्लास विसळणारा माणूस म्हणजे माणिक. घाटकोपरला राहतो, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. मूळचा बुलढाण्याकडचा. सांगत होता, 'आमच्या विहारात दर रविवारी पंचशील घ्यायचो. पाचवं शील दारू न पिण्याचं. चार खणखणीत म्हणायचो, पाचव्याला खोकायचो. सगळ्या विहाराला माझा खोकला पाठ.' आता तो माझा स्पॉन्सर आहे. स्पॉन्सर म्हणजे मंडळाच्या बॅनरवर फोटो टाकतो तो नव्हे. पिण्याची इच्छा झाली की पिण्याआधी ज्याला फोन करायचा, तो.

लता म्हणून एक बाई आहेत, मुलुंडला दहावीच्या पोरांना गणित शिकवतात. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, 'मी शिवदास, मी चष्म्याच्या दुकानात आहे.' लताबाई म्हणाल्या, 'छान. आम्हाला सगळ्यांना लांबचं बरं दिसतं. जवळचं काय ते बोला.'

मी बसलो. ते एक वाक्य अजून माझ्या तोंडून आलेलं नाही. दिवसभर लोकांना 'खालची ओळ वाचा' म्हणणारा माणूस मी, पण स्वतःची खालची ओळ दिसत असूनही वाचवत नाही.

पण प्यायलेलो नाही. ते तोंडून येतं.

बाबा


भांडुप, १० मार्च

निधी,

नितेशचा फोन आला होता. तुला कल्पना असेल कशासाठी. मला नव्हती, किंवा मी ती डोक्यात शिरू दिली नव्हती.

'दादा, चेडवाचा लगीन ठरला, बरा झाला. पण राखण दिल्याशिवाय आपल्यात मांडव पडाक नाय, ठावक आसा मां?'

ठाऊक आहे. सौरभला कोणी सांगितलं नसेल, त्याला समजावून सांग: आमच्या घराण्याचा एक राखणदार आहे. गावच्या वेशीवर, पिंपळाखाली, शेंदूर लावलेला दगड. शुभकार्याआधी घरातल्या थोरल्याने त्याला कोंबडा, नारळ आणि दारूची बाटली द्यायची, गाऱ्हाणं घालायचं, बाटली अर्धी त्याच्यावर ओतायची, आणि उरलेली तीर्थ म्हणून पहिल्यांदा स्वतः ओंजळीत घ्यायची. थोरल्याने घेतली तरच बाकीच्यांनी. त्याने नाही घेतली तर राखण पोचली नाही, असं धरतात. थोरला म्हणजे मी. तुझे आजोबा गिरणीत होते तेव्हा गिरणी बंद असो की संप असो, राखणीला गेले नाहीत असं झालं नाही.

माझी अडचण तुझ्या लक्षात आली असेल. अख्ख्या महाराष्ट्रात एकच बाप सापडला, ज्याला मुलीच्या लग्नाला यायचं तर प्यायची नाही, आणि मुलीचं लग्न व्हायचं तर प्यायलाच हवी.

नितेशला खरं सांगितलं नाही. माझं पिणं झाकायला तुझ्या आईने गेल्या वर्षीच सगळ्यांना सांगून ठेवलंय, ह्यांना शुगर निघाली. मीही तेच धरून म्हटलं, 'अरे, शुगर आहे मला. डॉक्टरने बंद केलीय.'

'शुगर आसा तर चाय बिनसाखरेची पी. देवाच्या तीर्थाक काय साखर घालतत?'

'मग तू घे माझ्याऐवजी.'

'मी धाकटो. माझ्या हातची तेका चलाची नाय. बाटली पण तूच हाड, मुंबयसून. मागे गोव्याची हाडलंय तर पोलिसान देवाच्या आधी घेतल्यान.'

मी मीटिंगमध्ये विषय काढला. घोळ झाला. लताबाई म्हणाल्या, जाऊच नका. माणिक म्हणाला, 'तुमचा देव आजवर किती प्यायला असेल यार, आणि कधी घरी उशिरा आला नाही. त्याला सोडवायची गरज नाही. तुम्हाला आहे.' मी चिडलो. म्हटलं, आमच्या देवावर बोलायचं काम नाही. तो म्हणाला, 'बरं. मग एवढं सांगा, बाटली कुठाय?'

मी म्हटलं, अजून आणलेली नाही. राखण एप्रिलच्या मध्याला आहे, घाई काय.

हे पत्र मी भिंतीकडे तोंड करून लिहितोय. पाठीमागे माळा आहे, त्यावर गणपतीच्या मखराचं खोकं. बाकी काही नाही.

बाबा


भांडुप, ३० मार्च

निधी,

पाडवा झाला, गुढी उभारली, कडुलिंब खाल्ला. एकट्याची गुढी उभारणं अवघड असतं, काठी धरायला कोणीतरी लागतं. शेजारच्या परबवहिनींनी धरली. त्या परबांचं रिडेव्हलपमेंटवाल्या परबांशी नातं नाही, विचारून घेतलं.

बाटली आणली. वेळेवर आणलेली बरी, शेवटच्या दिवशी धावपळ नको. सीलबंद आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय. तिच्याकडे माझं लक्षही जात नाही. देवाची वस्तू आहे, देवघरातल्या उदबत्तीच्या पुड्याकडे आपण जसं बघतो तसंच. तब्येत उत्तम. झोप छान लागते. दुकानात मालक म्हणाले, शिवदास, तुझा चेहरा फ्रेश दिसतो.

प्यायलेलो नाही. सीलबंद आहे.

बाबा


भांडुप, २ एप्रिल

निधी,

तीस तारखेचं पत्र फाडून टाक. फाडण्याआधी एकदा वाच, म्हणजे तुझा बाप खोटं कसं लिहितो ते कळेल. सीलबंद दोनदा लिहिलं होतं. शेंगदाणे ताजे आहेत असं दोनदा सांगणाऱ्या भय्याकडून आपण घेत नाही ना, तसंच ते.

बाटली फेब्रुवारीतच आणली होती, नितेशचा फोन यायच्या आधी. तू लग्न ठरवलंस त्या दिवसापासून मला राखण आठवत होती, आणि मी स्वतःशी म्हणत होतो, देवासाठीच तर घेतोय. दहा मार्चला मी भिंतीकडे तोंड करून लिहीत होतो तेव्हा ती मखराच्या खोक्यात होती. थर्माकोलच्या महिरपीत उभी. माणिकला नाही म्हणालो ते खोटं. तुला नाही म्हणालो तेही.

त्या पत्राच्या आदल्या दिवशी सोमवार होता, सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी जेवून आडवा झालो. झोप आली नाही. उठलो, स्टूल लावलं, खोकं खाली घेतलं. वाटलं, गळत तर नसेल ना, बघू. गळत नव्हती. मग वाटलं, देवाला भेसळीची जायला नको. दुकानदाराचा काय भरवसा. वास घेऊन बघू. एवढ्या शहाणपणाने मी आयुष्यात दुसरं कुठलंच काम केलेलं नाही. सील तोडलं. झाकणात ओतली. झाकणभर.

प्यायलो.

लिहिलं. हाताला काही झालं नाही.

झाकण परत लावायचं होतं, लावलं नाही. दुसरं झाकण ओतलं होतं. ते हातात धरून मी माणिकला फोन लावला. तो पहिल्या रिंगला उचलेल असं वाटलं नव्हतं. माणिक म्हणाला, 'कुठे आहात?' मी म्हटलं, घरी. 'आणि ती?' मी म्हटलं, माझ्यासमोर, झाकण हातात. 'झाकण खाली ठेवा. दरवाजा उघडा ठेवा. मी मुलुंडला लिफ्टवर आहे. फोन बंद करू नका.' मी खाली ठेवलं. तो स्कूटरवर येत होता आणि वाटेत ट्रॅफिकला शिव्या देत होता, मला नव्हे. त्या शिव्या स्पीकरवर ऐकत बसलो. परबवहिनी उघड्या दारातून डोकावल्या, म्हणाल्या, 'भावोजी, कोणाशी भांडताय?'

आला. हातात पाना आणि ग्रीसने माखलेलं फडकं. येऊन माझ्यासमोर बसला, मध्ये बाटली. आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली, निधी. त्याची नजर. तोही तिच्याकडे बघत होता. दोन दारुडे आणि एक उघडलेली बाटली, आणि आमच्यातला एक जण दुसऱ्याला वाचवायला आलेला. खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, ती थांबेपर्यंत आम्ही दोघांनी हलायचं टाळलं.

मग म्हणाला, 'मोरीत ओता.'

'नाही ओतता येत. देवाच्या नावाने आणलीय. दुसऱ्याला देता येत नाही, टाकता येत नाही. लग्नाआधी असलं काही करून निधीचं वाईट झालं तर?'

'देवाच्या आधी तुम्ही प्यायलात ते चालतं?'

'नाही चालत. म्हणून तर.'

'बरं,' तो म्हणाला. 'तुमचा देव मला मान्य आहे का?'

'नाही.'

'आमच्या घरात कुठल्याच देवाला मान नाही, तुमच्या दगडाला कुठून असणार. मग मला त्याचं भय नाही. आणि मी ओतली तर तुम्ही टाकली असं होत नाही.' तो उठला, बाटली मानेशी धरली, शरीरापासून लांब, साप धरतात तशी, आणि मोरीत गेला. मला फक्त आवाज आला. मग नळ सोडल्याचा. मोरीतून ओरडून म्हणाला, 'ते झाकण पण द्या.'

वास मात्र घरभर राहिला. तो मोरीतून बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघे एकदमच गॅलरीत गेलो. अंधार पडेपर्यंत तिथेच उभे होतो, आत जायची दोघांचीही हिंमत नव्हती. परबवहिनींनी तिथेच चहा आणून दिला. माणिकने कप दोन्ही हातांनी धरला. मी म्हटलं, 'तुम्हाला नव्हतं बोलवायला पाहिजे.' तो म्हणाला, 'काहून? आजचा माझा पण दिवस निघाला ना.' दुसऱ्या कपाला म्हणाला, 'मुलीला सांगणार?'

मी म्हटलं, 'सांगितलं तर लग्न गेलं. एकदाही नाही, अशी अट आहे.'

'आणि नाही सांगितलं तर?'

'तर ती गेली.'

त्याने चहा संपवला, पाना घेतला, गेला. मुलुंडला एका सोसायटीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे तशीच उभी होती.

मला चाल सुचली होती, ती पण लिहितो. गप्प बसायचं. एक झाकण. कोणाला कळणार नव्हतं. माणिक बोलला नसता, तो नियमच आहे. मी शेरवानीवाल्या मंडळींत उभा राहिलो असतो, अक्षता टाकल्या असत्या, तू पाया पडली असतीस. आणि मी वाकून तुझ्या डोक्यावर हात ठेवताना मला त्या झाकणाचा आकार आठवला असता. दर वेळी. तुझ्या पहिल्या दिवाळीला, तुझ्या पोराच्या बारशाला.

म्हणून अट मोडली असं लिहून देतो. तुझी अट रास्त आहे, तिच्यात सवलत मागत नाही. लग्नाला येणार नाही. राखण मात्र चुकवणार नाही, ते तुझ्यासाठी नाही, मांडवासाठी आहे.

काल गुरुवारी ते वाक्य बोललो. 'मी शिवदास, मी दारुडा आहे.' लताबाईंनी सर्वांत आधी 'नमस्कार, शिवदास' म्हटलं. गणित सुटल्यासारखं.

बाबा


भांडुप, २० एप्रिल

निधी,

राखण झाली. तुझ्या आईने सांगितलं असेल, पण ती कमी बोलते आणि नितेश जास्त, म्हणून माझं ऐक.

कणकवलीला उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत बाटली नव्हती. नितेश स्टँडवर घ्यायला आला होता. रिक्षात पिशवी चाचपून म्हणाला, 'बाटली?' मी म्हटलं, आहे. ह्यावेळचं खोटं मी तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे हिशोबात राहील. त्याच्या डोक्यात ती माझ्या कपड्यांत गुंडाळलेली होती. माझ्या डोक्यात चाल होती.

चाल अशी: गाऱ्हाण्यात थोरला जे बोलेल त्याला मागचे विचार न करता 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा म्हणाले की देवासमोर म्हणाले. मागे फिरायचं नाही. तुझे आजोबा एकदा गाऱ्हाण्यात चुकून शेजाऱ्याची गाय आपली म्हणाले होते आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, पुढे दोन वर्षं त्यांना ती गाय ठेवून घ्यावी लागली होती. ही सवय आपल्याला वापरायची होती. दोन-तीन साध्या मागण्या, लोक तालात आले की मधेच ती एक, आणि सुटलो.

पिंपळाखाली सगळे जमले. भावकीतले पंधरा-वीस पुरुष पुढे, बायका मागे दगडी गडग्याच्या आडोशाला. तिथे तुझी आई दिसली. ती येणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी बघितलं मी तिला. तिने माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघितलं.

कोंबडा झाला. नारळ फोडला, पाणी तांब्यात धरलं. मी हात जोडले.

'बा देवा राखणदारा म्हाराजा, तुझ्या घरातल्या चेडवाचा लगीन ठरला म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'तेच्या संसारार तुझी नजर र्‍हवंदे म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

'मांडवाक काय इघ्न येव नये म्हाराजा.'

'व्हय म्हाराजा.'

ताल बसला होता. मी त्याच आवाजात, तेवढ्याच वेगात म्हणालो, 'आनि ह्यो जो थोरलो तुझ्यासमोर उभो आसा, तेका शुगर नाय म्हाराजा. तो दारुडो आसा. दारूपायी तेना घर घालवल्यान. आजपासून तेच्या हातसून तुका दारू मिळाची नाय. ह्या नारळाचा पाणी घे, गोड मानून घे, म्हाराजा.'

आणि पाठीमागून काही आलं नाही.

माझी चाल फसली. गावातल्या लोकांनी नेमकं तेव्हाच ऐकलं. मी वळलो नाही. देवासमोरून थोरल्याने वळायचं नसतं. हातात तांब्या, समोर शेंदूर, पाठीला वीस माणसांचे डोळे. नितेश दबक्या आवाजात म्हणाला, 'दादा, काय बोलतंस ता? शुद्धीवर आसस मां?' आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला चुकीच्या वेळी विचारला गेला. कोणीतरी घसा खाकरला. कोणीतरी म्हणालं, 'देव कोपतलो.' मी तिथे उभा राहून मनात 'नमस्कार, शिवदास' ऐकायचा प्रयत्न करत होतो, आणि येत नव्हतं.

मग गडग्याच्या मागून, बायकांतून आवाज आला.

'व्हय म्हाराजा.'

गाऱ्हाण्यात बायका बोलत नाहीत. आपल्या घराण्यात कधी कोणी बोललेली नाही. तुझ्या आईने पुन्हा म्हटलं, मोठ्याने, अगदी गाडीत जागा धरून ठेवल्यासारखं ठाम.

'व्हय म्हाराजा.'

तेव्हा कुठे म्हाताऱ्या बाळाकाकांनी, सवयीने की कशाने देव जाणे, तिच्यामागून 'व्हय म्हाराजा' ओढलं. मग दोघांनी. मग सगळ्यांनी. नितेशने सर्वांत शेवटी, पण म्हटलं. मी पाणी दगडावर ओतलं. उरलेलं ओंजळीत घेतलं. गोड होतं. नितेश मागून पुटपुटला, 'ता आता खराच शुगर वाढवतला.' काही जण हसले. हसले म्हणजे राखण पोचली, असं मी धरतो.

परतताना तुझी आई माझ्यापासून दहा-बारा पावलं पुढे चालत होती. वाटेत पायरीशी थांबली. मला वाटलं, दम लागला. मी जवळ गेलो. ती म्हणाली, 'पत्रं वाचते निधी. सगळी. शेवटचं दोनदा.'

मी काही बोललो नाही. ह्या वर्षी हे एक नवीन शिकलोय.

'अहो,' ती म्हणाली, 'लग्नकार्याला घालायचात तो निळा शर्ट आहे का अजून? की तोही कुठे विसरून आलात?'

आहे म्हटलं.

एवढंच. ती पुढे चालू लागली आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते सवलत मागणं झालं असतं.

भांडुपला आल्यावर शर्ट शोधला. कॉलर थोडी विटलीय, पण चालेल. खाली इस्त्रीवाल्याकडे टाकलाय. त्याने विचारलं, 'कब चाहिए, काका?' मी म्हटलं, शनिवार संध्याकाळपर्यंत. 'शादी है?' मी म्हटलं, रविवारी सकाळी बोरिवलीला माझ्या मुलीचं लग्न आहे, आणि संध्याकाळी भांडुपला मीटिंग. दोन्हींपैकी कुठे जाणार ते अजून मलाच माहीत नाही.

तो म्हणाला, 'दोनों जगह चलेगा, काका. स्टार्च कडक मारूं?'

मी म्हटलं, कडक मार.

बाबा